गाणं शिकताना ‘करून बघू का?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत गेली बावीस वर्षं मी गाणं शिकवते. वर्गात शहरातली लेकरं आहेत, तशी जिंतूर, मानवत, पूर्णेहून एसटीनं येणारीही आहेत. संध्याकाळच्या तुकडीत नोकरी करणाऱ्या बायका, निवृत्त शिक्षक आणि भजनी मंडळातले दोघं-तिघं असतात. आमच्याकडे ‘करून बघू’ हे शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतात आणि बहुतेक प्रश्न त्यावरूनच निघतात. पालक दारात चपला घालता घालता जे विचारतात, फोनवर जे विचारलं जातं आणि अलीकडे दुसरे संगीतशिक्षक जे विचारायला लागलेत, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

लेकरू सारखं ‘असं का?’ विचारतं. गुरूला असं विचारलेलं बरं दिसतं का?

विचारू द्या. मी लहान असताना ज्यांच्याकडे शिकत होते त्यांना एकदा विचारलं होतं, भूप रागात मध्यम का नाही? ‘नाही म्हणजे नाही, पुढं गा,’ एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर मी तिथे चार वर्षं शिकले, पण परत काही विचारलं नाही. पुढे घरी एकदा दार लावून घेतलं आणि भूपात मुद्दाम शुद्ध मध्यम घालून गायले. दोन ओळींतच कळलं. भूप गांधारावरून पंचमावर ज्या झेपेनं जातो, ती झेपच उरली नाही. मधली मोकळी जागा बुजली होती. मध्यम वर्ज्य आहे हे मला पाठ होतं, पण तो वर्ज्य असल्यामुळे काय मिळतं हे त्या दिवशी कानाला कळलं.

आता वर्गात हा प्रयोग मीच करायला लावते. एक रीत मात्र पाळायची. समोरचा आलाप करत असताना मध्येच तोंड घालायचं नाही. आलाप संपू द्यायचा, आपण ऐकलेलं मनात एकदा घोळवायचं आणि मग विचारायचं. लेकरं हे फार लवकर शिकतात.

प्रयोग करायचा म्हणजे राग मोडायचे का?

नाही. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. शेतकरी माणूस. मी त्यांना उलट विचारलं, नवं बियाणं आलं तर सगळ्या रानात पेरता का? ते म्हणाले, ‘छे, आधी दोन ओळी पेरून बघतो.’ त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, तीही कुणीतरी वाफ्यात वर्षानुवर्षं करून बघितल्यावरच.

गाण्यातला वाफा लहान ठेवायचा. एक उदाहरण देते. सा, रे, ग, म हे चारच स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच घ्यायचा, फक्त क्रम बदलायचा. किती रचना होतील? चोवीस. लेकरांना आकडा सांगू नका, शोधू द्या. बहुतेक जण दहा-बाराला अडकतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘सा पुढं ठेवून सगळे झाले, आता रे पुढं ठेवू.’ तिथून गाडी सुटते. चोवीस सापडले की ते गायचे आणि त्यातले आपल्याला आवडलेले तीन निवडायचे. का आवडले ते सांगता आलं तर उत्तम, नाही आलं तरी चालेल. पलटे, म्हणजे स्वरांचे ठरलेले क्रम, घोकण्यात जो कंटाळा असतो तो यात जातो, आणि गळ्याला मेहनत तेवढीच पडते.

हे परदेशी शिक्षणपद्धतीचं खूळ आहे का? आपल्याकडे तर घोकूनच शिकायचे.

आपल्याकडे घोकत होते, पण तेवढंच करत होते असं नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तेच देवगिरी. तिथे तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, हा स्वतः राज्याच्या हिशेबखात्यावरचा अधिकारी. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्याला मानतात असा हा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला, हे आपल्या लेकरांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

त्यात बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक नादभेद, नुसत्या सांगितलेल्या नाहीत, त्या कशा ऐकायच्या याची कृती दिली आहे. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायच्या. प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा एवढीच चढी लावायची की दोघींच्या मध्ये तिसरा नाद बसू नये. एक वीणा तशीच स्थिर ठेवायची, दुसरी एकेक श्रुतीनं चार वेळा उतरवायची आणि कुठला स्वर कुठल्या स्वरात जाऊन मिळतो ते ऐकायचं. दुसऱ्यांदा उतरवली की गांधार रिषभाला मिळतो, तिसऱ्यांदा रिषभ षड्जाला मिळतो. ही कल्पना त्याच्याही आधी ‘नाट्यशास्त्र’कार भरतानं मांडलेली होती. एक साधन स्थिर, दुसऱ्यात एकच बदल, मग कान लावायचे. याला प्रयोग नाही तर काय म्हणायचं?

वर चोवीस रचनांचं सांगितलं, तो हिशेबही त्याच ग्रंथात आहे. सात स्वरांचे क्रम ५०४० होतात, आणि त्यातला अमुक क्रमांकाचा क्रम कोणता हे काढायला त्यानं ‘खंडमेरू’ नावाचा तक्ता दिला आहे. हिशेबखात्यातल्या माणसाला हे सुचावं यात मला मोठा आनंद वाटतो.

घरी आजच करता येईल असं काहीतरी सांगा.

तानपुऱ्यातला गांधार शोधा.

तानपुऱ्याच्या चार तारा सहसा अशा लावतात : पहिली पंचम, मधल्या दोन जोडीच्या षड्ज, शेवटची खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. म्हणजे तारांत फक्त प आणि सा आहेत. गांधाराची तार नाही. आता घर शांत असेल अशा वेळी, आमच्याकडे पहाटे पाचला, रस्त्यावर दूधवाले निघायच्या आधी, तानपुरा मांडीवर घ्या. फक्त खर्जाची तार छेडा आणि ती पूर्ण विरेपर्यंत दुसरं काही करू नका. पहिल्यांदा सा ऐकू येईल. चार-पाच वेळा छेडल्यावर त्याच्या वर पंचम ऐकू यायला लागेल. मग एखाद्या क्षणी, नाद विरता विरता, वरच्या सप्तकातला गांधार चमकून जाईल. घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवला तर तो अधिक स्वच्छ होतो किंवा हरवतो. तो कशानं हरवतो तेही बघा.

हा भास नाही. तार एका वेळी पूर्ण लांबीनं कंप पावते, तशीच दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावते. पाचव्या भागातून निघतो तो गांधार. म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. माझ्या एका विद्यार्थिनीला तो ऐकू यायला अकरा दिवस लागले. ज्या दिवशी ऐकू आला त्या दिवशी तिनं तानपुरा खाली ठेवला आणि नुसती बसून राहिली. त्या आठवड्यापासून तिचा यमनातला गांधार मी एकदाही दुरुस्त केलेला नाही.

तानपुऱ्याचं ॲप चालेल का?

रियाझाला चालेल. फक्त फोनच्या बारीक स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही, इअरफोन किंवा बरा स्पीकर लावा. वरचा गांधाराचा प्रयोग मात्र खऱ्या तानपुऱ्यावरच करा. घरी नसेल तर वर्गात या.

पेटीवर शिकलेलं वाईट का?

वाईट नाही. आमच्या भागात गाणं गावोगाव पोचलं ते भजनाच्या पेटीमुळे, ते ऋण आहेच. पण पेटी कुठे साथ सोडते ते स्वतः ऐकून घ्यावं. तानपुऱ्यात स्वयंभू गांधार ऐका आणि लगेच पेटीवर त्याच पट्टीचा गांधार दाबा. पेटीचा गांधार किंचित चढा लागेल. पेटीचे बाराही स्वर सारख्या अंतरावर लावलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका वर बसतो. आकडा लहान आहे, पण एकदा फरक कानाला कळला की कळलाच. आमच्या इथे नवीन मुलं पहिले तीन महिने पेटीवर सूर शोधतात, मग पेटी बंद करून तानपुऱ्यावर तोच पलटा गातात आणि शेवटी पेटी उघडून पडताळा घेतात. पेटी पुढे न ठेवता शेवटी ठेवायची, एवढाच बदल.

सप्ताहात काळी चारला गातो, वर्गात तुम्ही काळी एक देता. माझी खरी पट्टी कोणती?

हा प्रश्न भजनी मंडळातल्या पुरुषांचा असतो आणि तो रास्त आहे. (पट्टी म्हणजे पेटीची जी पट्टी आपण सा मानतो ती.) सप्ताहात शंभर माणसं, टाळ-पखवाज, उघडा मांडव. तिथे आवाज वर ठेवला तरच पोचतो. काळी एकला पुरुषाच्या मध्य षड्जावर स्वरतंतू सेकंदाला साधारण १३९ वेळा मिटतात-उघडतात. काळी चारला तेच २०८ वेळा. तार सप्तकात गेलात की दोन्ही दुप्पट. रात्रभर हे करायचं तर गळ्याला केवढं काम आहे बघा.

पट्टी मी सांगणार नाही, शोधून काढा. एक आठवडा रोज एकेक पट्टी घ्या : पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, अशा. प्रत्येकीत मंद्र पंचमापर्यंत खाली आणि तार गांधारापर्यंत वर जाऊन या. तीन गोष्टी टिपा. खाली स्वर घुमतो की नुसता घोगरा होतो? वर जाताना हनुवटी उचलते का? गाऊन झाल्यावर बोलण्याचा आवाज बदललाय का? जिथे तिन्हीची उत्तरं बरी येतात ती तुमची रियाझाची पट्टी. सप्ताहाची पट्टी वेगळी असू शकते. आमच्याकडचे एक बुवा वर्षभर पांढरी दोनला रियाझ करतात आणि सप्ताहात काळी तीनला गातात. पूर्वी त्यांचा आवाज तिसऱ्या दिवशी बसायचा, आता काल्याच्या कीर्तनापर्यंत टिकतो.

‘ताई, ह्याचा आवाज फुटायलाय, काय व्हायलंय ते कळंना. गाणं बंद करू का?’

बंद करू नका. पण जुन्या पट्टीचा हट्टही धरू नका.

इथे माझी चूक सांगायला हवी. तेरा वर्षांचा एक मुलगा होता. सुरेख गौळण म्हणायचा, टिपेला आवाज लखलखायचा. स्पर्धा महिन्यावर आली होती आणि त्याचा आवाज नुकताच जड व्हायला लागला होता. तो म्हणत होता, ‘बाई, वर जाईना.’ मी म्हटलं, जाईल, रियाझ वाढव. स्पर्धेत अंतऱ्याला आवाज फाटला. तो गाणं अर्धवट सोडून मंचावरून उतरला आणि दोन महिने वर्गाकडे फिरकला नाही. त्यानं मला नेमकं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आता अशा मुलांसाठी आमच्या भिंतीवर एक कागद असतो. दर सोमवारी मुलानं स्वतः पेटीवर बघायचं की आज न ताणता खाली कुठपर्यंत जातो, वर कुठपर्यंत जातो, आणि तेवढी रेघ कागदावर मारायची. रेघ दर आठवड्याला सरकते. आवाज फुटतोय याची जी लाज वाटत असते तिची जागा मग उत्सुकता घेते : ‘या सोमवारी कुठं आलो?’ सगळे गातात तेव्हा त्यानं मधल्या पाच स्वरांत, हलक्या आवाजात गायचं. ताल, लय, बंदिशी पाठ करणं हे सगळं या काळात भरपूर करता येतं. तो मुलगा परत आला. आता भारी आवाजात मारवा गातो.

गळ्यात आत काय चालतं हे समजून गाणं सुधारतं का? जुने गवई कुठे शरीरशास्त्र शिकले होते?

शार्ङ्गदेवानं पहिल्याच अध्यायात नादाआधी शरीराची घडण सांगितली आहे. तेव्हा जुन्यांनाही ते महत्त्वाचं वाटत होतं.

आणि जिवंत माणसाचे गाताना हलणारे स्वरतंतू बघायची युक्ती शोधून नावारूपाला आणली ती एका गायनशिक्षकानं. त्याचं नाव मॅन्युएल गार्सिया. गाताना आत काय होतं, हा प्रश्न त्याला कित्येक वर्षं छळत होता. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यानं दंतवैद्याचा लांब दांडीचा छोटा आरसा विकत घेतला, तो गरम करून घशात मागे धरला, हातातल्या दुसऱ्या आरशानं ऊन आत सोडलं आणि स्वतःचे स्वरतंतू स्वतः बघितले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर घसा तपासतात त्या विद्येचा एक मोठा झरा इथून निघाला. (घरी लेकरांनी हे करू नये. नुसती गोष्ट सांगा.)

सुधारतं का, तर हो, पण आडवाटेनं. ‘स्वरतंतू सैल सोड’ असं सांगून कुणालाही ते जमत नाही, कारण ते थेट आपल्या हुकमात नाहीत. पण जबडा, जीभ, ओठ, खांदे हुकमात आहेत. तेव्हा एकेक बदल करून ऐकायचं. ‘आ’ म्हणताना जबडा दोन बोटं उघडला तर? जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवलं तर? भिंतीला पाठ लावून गायलं तर?

मुलं पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढताना दिसली. हे काय?

अर्धा पेला पाणी घ्यायचं, स्ट्रॉ दोन बोटं पाण्यात बुडवायची आणि तिच्यातून सूर काढत खालून वर, वरून खाली सरकायचं. स्ट्रॉमुळे बाहेर जाणारी हवा अडते, तिचा उलटा दाब स्वरतंतूंवर येतो आणि ते एकमेकांवर जोरात न आपटता कंप पावतात. इंगो टिट्झे या अमेरिकी आवाजशास्त्रज्ञानं यावर पुष्कळ काम केलं आहे. पाच मिनिटं पुरतात. ओंकाराचा ‘म्’ लांबवला तरी बऱ्याच अंशी हेच होतं. आधी आणि नंतर एकच ओळ गाऊन फोनवर रेकॉर्ड करा, फरक पडतो की नाही ते तुम्हीच ठरवा.

खडीसाखर, ज्येष्ठमध, गरम पाणी?

बरं वाटत असेल तर घ्या. पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. चुकून तिकडे गेलं तर ठसका लागतो. गळा ओला राहतो तो दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहिल्यानं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा वर्गात येण्याआधी एकदम तांब्याभर पिऊन भागत नाही. सकाळपासून प्या.

यूट्यूबवर ऐकून मुलगी हुबेहूब नक्कल करते. याला गाणं म्हणायचं का?

ही गाण्याची सुरुवात आहे. शार्ङ्गदेवानं गायकांचे पाच प्रकार सांगितलेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. अनुकार म्हणजे दुसऱ्याची ढब उचलणारा. त्यालाही त्यानं गायकांतच धरलं आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गायचे. पुढे ते मुंबईला बी. आर. देवधरांकडे आले. देवधर हे स्वतः कुतूहलाचा माणूस : सगळ्या घराण्यांच्या गवयांना जाऊन भेटायचे, ऐकायचे, टिपून ठेवायचे, आवाजाच्या साधनेचा अभ्यास करायचे. अशा माणसाकडे नक्कल करणारं पोर आलं आणि काय झालं ते आपण ऐकतोच आहोत.

तेव्हा नक्कल थांबवू नका, तिच्यात एक पायरी वाढवा. तीच ओळ तिला तीन वेगवेगळ्या गायिकांच्या ढबीत म्हणू द्या. तिन्ही करताना ती काय बदलते हे तिलाच विचारा. श्वास कुठे घेतला? शब्द कुठे तोडला? स्वरावर सरळ आली की खालून घसरत? मग चौथ्यांदा विचारा, ‘आता तुला कसं म्हणावंसं वाटतंय?’ सुरुवातीला ती गप्प बसेल. बसू द्या.

ओव्या, भारुडं, गोंधळ हे शास्त्रीयच्या वर्गात कशाला?

जनाबाईंचं गंगाखेड परभणी जिल्ह्यात, नामदेवांचं नर्सी शेजारी हिंगोलीत, एकनाथांचं पैठण गोदावरीनं वर गेलं की आलं, तुळजापूरचा संबळ धाराशिवात. एवढं गाणं अंगणात असताना नुसत्या पुस्तकी पलट्यांवर लेकरं वाढवणं मला पटत नाही.

एकदा जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीला सोडायला तिची आजी आली. पाऊस सुरू झाला म्हणून थांबली. मी म्हटलं, ‘मावशी, जात्यावरचं काही येतं का?’ आधी ‘आता कुठलं जातं’ म्हणाली, मग मांडी घालून बसली, उजवा हात आपोआप फिरायला लागला आणि ओवी सुरू झाली. चारच स्वर : सा, रे, गांधार आणि खालचा निषाद. मुलांनी पेटीवर तो गांधार शोधायला सुरुवात केली. कोमल दाबला, म्हणाले जरा वर आहे. शुद्ध दाबला, म्हणाले खाली आहे. आजीनं सहा ओव्या म्हटल्या आणि सहाही वेळा गांधार त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या एकाच जागी आला. मुलं वाकून वाकून तिच्या तोंडाकडे बघत होती. मग एकानं विचारलं, हात थांबवून म्हणता येईल का? तिनं हात मांडीवर ठेवला आणि ओवीची लयच हरवली, शब्दही आठवेना. हात फिरवायला लागली की परत सगळं जागेवर. स्वर कुठे राहतात आणि लय कुठे राहते, यावर त्या दिवशी मुलांनी जे प्रश्न विचारले ते मी कुठल्याही अभ्यासक्रमात बघितलेले नाहीत.

कुमार गंधर्व क्षयानं आजारी पडले तेव्हा देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी अशीच कान देऊन ऐकली, आणि लोकधुनांमधून लगनगांधार, मालवती यांसारखे राग पुढे आणले. आपल्या ओव्यांत काय दडलंय ते बघायला कुणी बसलं पाहिजे.

मी स्वतः शिकवतो. विद्यार्थी चुकला की लगेच थांबवावं की नाही?

मी पूर्वी लगेच थांबवायचे. आता ओळ पूर्ण होऊ देते आणि आधी विचारते, ‘तुला काय ऐकू आलं?’ निम्म्या वेळा त्याला चूक आधीच कळलेली असते. उरलेल्या निम्म्या वेळा कळलेली नसते, आणि तिथे ‘उतरला, उतरला’ असं ओरडून उपयोग होत नाही, कारण उतरणं म्हणजे काय हेच त्या कानाला माहीत नसतं.

अशा वेळी चूक मुद्दाम करायला लावते. एका मुलीचा यमनातला निषाद कायम उतरायचा. तिला म्हटलं, अजून उतरव, अगदी कोमलाकडे ने. नेला. आता चढव, जवळजवळ षड्जाला लाव. लावला. आता दोन्हींच्या मध्ये. असं पाच-सहा वेळा वर-खाली केल्यावर एका फेरीत निषाद तानपुऱ्यात असा बसला की ती गाता गाता थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. ‘हाच ना?’ तिनंच विचारलं.

दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पट्टी, लय आणि उच्चार एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कुणालाच कळत नाही. आणि प्रयोग फसला तर हसू नका, दुसऱ्यांनाही हसू देऊ नका. ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे पंचवीस दोष दिलेत. दात आवळून गाणारा, डोळे मिटून गाणारा, कावळ्यासारख्या आवाजाचा यांच्या बरोबरीनं त्यात ‘भीत’ आहे, म्हणजे घाबरत गाणारा. ती भीती वर्गात आपणच तयार करतो, म्हणून मला हा दोष शिक्षकाच्या खात्यावर लिहावासा वाटतो.

परीक्षांचं काय? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व्हायचंय.

द्या की. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते, राग-ताल नेटके होतात. परीक्षेआधीचे दोन महिने आम्ही प्रयोग कमी करतो, आणि ते विद्यार्थ्यांना सांगून करतो. उरलेले दहा महिने मोकळे असतात. तीनतालातली बंदीश खालीपासून (नवव्या मात्रेपासून) उचलायची तर आहेच, पण मुखडा एक मात्रा उशिरा उचलून समेवर (पहिल्या मात्रेवर) कसं यायचं हा खेळ ज्यानं खेळलाय तो परीक्षेत तबलजीनं लय वाढवली तरी गांगरत नाही.

गाणं शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का?

सुरुवातीला अजिबात नाही. पं. नाथराव नेरळकरांनी नांदेड आणि संभाजीनगरला राहून मराठवाड्याच्या कितीतरी पिढ्या शिकवल्या. अंबडला दत्तजयंतीला संगीत महोत्सव होतो, तिथे जाऊन बसा. पुढे गरज वाटली तर जा, पण जाताना प्रश्न घेऊन जा.

माझं वय पंचावन्न आहे.

या. चोवीस क्रमांचा प्रयोग तुमच्यासाठीही आहे.

प्रयोगांची वही ठेवायला सांगता. त्यात काय लिहायचं?

तारीख, काय बदललं, काय ऐकू आलं. तीन ओळी. एका सातवीतल्या मुलाच्या वहीतली नोंद अशी आहे : ‘आ ऐवजी ओ म्हटलं. वरचा सा सोपा गेला. पण शब्द ओळखू आला नाही.’ पुढच्या आठवड्यात त्यानं आ आणि ओच्या मधला उच्चार शोधला आणि खाली लिहिलं, ‘आता दोन्ही.’ मी त्याला हे शिकवलेलं नव्हतं.

प्रयोग कधी थांबवायचा?

दुखलं की त्याच क्षणी. गाताना गळा दुखणं हे कुठल्याच पद्धतीत बरोबर नाही. आवाज बसला तर दोन दिवस गप्प राहा, कुजबुजूही नका. दोन-तीन आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. शिक्षक, कीर्तनकार आणि बाजारात ओरडून विकणारी माणसं यांनी यात दिरंगाई करूच नये.

पहिल्या दिवशी येताना काय आणायचं?

एक शंभर पानी वही, पाण्याची बाटली आणि एक प्रश्न. तानपुरा इथे आहे. घरात कुणी जुनं गाणं म्हणत असेल, जात्यावरचं, पाळण्यातलं, काकड्याचं, तर ते फोनवर टेपून आणा. आजी येऊ शकत असेल तर आजीलाच घेऊन या. वर्ग तळमजल्यावर आहे, पायऱ्या तीनच आहेत.